पांढऱ्या रंगाचा डबा

थंडी पडली की आमच्या लुइझियानातल्या मगरी चिखलात तोंड खुपसून झोपतात, आणि नेमक्या तेव्हाच शहरातल्या लोकांना मगरी बघायच्या असतात. त्या दिवशीच्या बाई ह्यूस्टनहून आल्या होत्या. दोन तास बोट फिरवली, तेव्हा एक बगळा दिसला.

“मगरी नाहीत तर नाहीत, काका. निदान ते केजन लोकांचं, जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांचं गाव तरी दाखवा. माहितीपत्रकात छापलंय.”

“छापलंय म्हटल्यावर दाखवायलाच हवं.”

मी बोट मोकळ्या पाण्यात नेली, इंजिन बंद केलं आणि पाण्यातून वर आलेल्या वीतभर खुंटाला पांढरा रंग द्यायला बसलो.

“हे काय आता? माझ्या वेळात तुमची रंगरंगोटी?”

“आज सर्व संतांचा सण, बाई. आधी घरच्यांची थडगी रंगवायची, मगच जेवायचं. बायकोने गम्बोचा रस्सा शिजवून ठेवलाय.”

“मग थडगी रंगवा ना! खुंट कसले रंगवताय?”

“थडगं खाली आहे. हा माझ्या बाबांच्या क्रुसाचा शेंडा. गेल्या वर्षी त्यावरचं नाव वाचता येत होतं.”

बाईंनी फोन खाली घेतला. “म्हणजे गाव...?”

“बोटीखाली. आपण चर्चच्या अंगणात आहोत, जरा हळू बोला.”

“अरे देवा! मग तुम्ही सगळे वेळेवर निघून का नाही गेलात?”

“गेलो ना,” ब्रश डब्यात बुडवत मी म्हणालो. “ज्यांना चालता येत होतं, ते सगळे गेलो.”