एक वाढीव कलम

विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना आपत्तीच्या ठिकाणी कामाला पाठवायचा करार होता. त्यासाठी मदत संस्थेचे संचालक परदेशातून आले होते. सगळ्यांच्या सह्या झाल्या. विभागप्रमुख बाईंचा हात मात्र अडला.

"एक कलम वाढवा," त्या म्हणाल्या. "एखाद्या मुलाचं काही बरंवाईट झालं, तर तुमच्या माणसानं स्वतः घरी जाऊन सांगायचं."

संचालक अवघडले. "बाई, आमची माणसं कुठं कुठं पुरणार? ईमेल कसा, त्याच मिनिटाला पोचतो."

"पोचतो ना. माझी लेक गेल्याचा पोचला, तेव्हा मी वर्गात शिकवत होते. खाली तुमचंच नाव होतं."

संचालकांनी करार पुढ्यात ओढला आणि ते कलम स्वतःच्या हातानं लिहिलं.