दोन चुलींचं घर

विलायतेत कापसाला भाव आला, ते दिवस अजून आठवतात. अमरावतीत आमच्या ओसरीवर कापूस मावत नव्हता, अन् त्याच पैशावरून माझे दोन्ही लेक वेगळे झाले. धाकट्या सुनेनं मागच्या खोलीत चूल मांडली. तेवढ्यात घरपट्टीचा कारकून आला. जितक्या चुली, तितकी घरं, असा त्याचा नियम. मी म्हटलं, "चूल एकच." तो छपराकडं पाहून हसला. "माय, धूर तं दोन जागी दिसून राहिला." "मंग धुरावरबी पट्टी लावतं का रे?" "दोन हायेत तं दोन लिहू दे, माय," थोरला पुटपुटला. तेव्हा मात्र माझा आवाज उतरला. "भाऊ, पट्टी दोन घरांची घे. कागदावर घर एकच लिही." त्यानं तसंच लिहिलं. तो गेल्यावर धाकटी पिठाची परात घेऊन थोरलीच्या चुलीपाशी येऊन बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.