उखळातला हात

"पंडितमोशाय, तुम्ही एकटेच कांडता," शेजारची मोक्षदा म्हणाली, "मग उखळातलं भात कोण हलवतं? तुमच्या पोथ्या?"

मी कांडायची तुळई पायाने दाबली.

गेल्या चैत्रात मराठ्यांचे लुटारू घोडेस्वार, बर्गी, गावात शिरले, तेव्हा तुळईचं एक टोक पायाने दाबून मी दुसऱ्या टोकाचं मुसळ वर धरलं होतं. माझी दिदी उखळात हात घालून भात हलवत होती. मी पाय काढला आणि पोथ्या घेऊन नदीपार पळालो. मुसळ तिच्या हातावर पडलं. ती हाका मारत होती, हे तिथे मी कुणालाच सांगितलं नाही. परतलो तेव्हा दिदी नव्हती.

तेव्हापासून माझं भात कुणीतरी हलवतं.

आज रस्त्यावर पुन्हा ओरड झाली, "बर्गी आले." मोक्षदा पळाली. मुसळ वर होतं. माझा पाय सैल झाला.

उखळातून दिदी म्हणाली, "हरू, या खेपेला तरी पाय काढू नकोस."