सशाचं अंथरूण

तुळसानं टोपली खाली ठेवली, वरचं फडकं काढलं आणि सशाला खोलीत सोडलं. दोन उड्या मारताच त्याचे मागचे पाय घसरले. फरशीवर रक्ताचा बारीक ठिपका उमटला.

"काय म्हणाले डॉक्टर?" स्टोव्हला पंप मारता मारता काशीबाईनं विचारलं.

परळच्या जनावरांच्या इस्पितळातून तुळसा डिलाईल रोडपर्यंत चालत आली होती. ती भिंतीला टेकून बसली.

"फरशीनं टाचा सोलल्यात त्याच्या. कुत्र्यासारखी गादी नसते म्हणे सशाच्या पायाला, नुसते केस. खाली मऊ काहीतरी हवं."

"गोणपाट आहे की."

"त्याचे दोरे खातो, ते आतड्यात अडकतात. पुठ्ठा घातला तर ओला होतो, जखम चिघळते. जुनी सुती गोधडी घाला म्हणाले. धुऊन धुऊन मऊ झालेली."

काशीबाईचा हात थांबला.

सासूसुना दोघी खरखरीत घोंगड्या पांघरत. सुती गोधडी घरात एकच होती, ट्रंकेत घडी करून ठेवलेली. ती दगडूची, तुळसाच्या नवऱ्याची. जानेवारीत लालबागला मोर्च्यावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दगडू गेला, त्याला आता दोन महिने होत आले होते. ससा त्यानंच आणलेला, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, तुळसासाठी.

तुळसानं उठून ट्रंक उघडली. गोधडी बाहेर येते न येते तोच काशीबाईनं तिचं दुसरं टोक धरलं.

"ही नाय."

"आई, दुसरं काही आहे का घरात?"

"मुतेल तो हिच्यावर. माझ्या दगडूचा वास आहे गो हिला."

"मी रोज धुईन."

"धुतलीस की वास जाईल!"

तुळसानं टोक सोडलं नाही. काशीबाईनं हिसका दिला. तिचा आवाज चढला.

"माझो दगडू थंय उघड्या फरशीवर पडलो होतो. फाटकं फडकं नव्हतं खाली. तेव्हा कोणी म्हणालं नाय, मऊ काहीतरी घाला म्हणून. आणि आता सशाला..."



"तुम्ही तर मला म्हणालात, ते खाटेवर होते," तुळसा म्हणाली.

त्या दिवशी इस्पितळात प्रेताची ओळख पटवायला काशीबाई गेली होती. तुळसाला चाळीतल्या बायकांनी घरीच धरून ठेवलं होतं. परत येऊन काशीबाईनं सांगितलं होतं, खाटेवर होता, अंगावर पांढरी चादर होती, झोपल्यासारखा दिसत होता. तुळसा रोज डोळे मिटताना तेवढंच आठवत असे.

"चादर तरी होती?"

काशीबाईनं गोधडीचं टोक मुठीत आवळलं.

"आई, चादर?"

"खूप जण होते गो," काशीबाई म्हणाली. "ओळीनं ठेवले होते."

तुळसानं गोधडी सोडून दिली.

"ठेवा मग जपून," ती म्हणाली. "ज्याची त्याला तरी कुठे मिळाली."

ती पदरानं फरशीवरचं रक्त पुसायला बसली. पुसलेल्या जागेवरच पुन्हा पुन्हा पदर फिरवत राहिली. काशीबाई बराच वेळ गोधडी उराशी धरून उभी होती. मग तिनं ती झटकली, दुहेरी केली आणि खोलीतल्या खाटेखाली अंथरली.

सशानं आधी कडेला हुंगलं. मग तो वर चढला, जरा वेळ बसला आणि पाय ताणून कुशीवर आडवा झाला. काशीबाई गुडघ्यांवर बसून बघत होती.

"पाय गार पडतील, मेल्या," ती म्हणाली आणि तिनं गोधडीची कड त्याच्या पायांवर ओढली.

ससा दचकला. उडी मारून घसरत घसरत मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

काशीबाईचा हात दुमडलेल्या कडेवर तसाच होता. ती कड हलकेच दाबून बसवत होती.

"आई, ससा नाही त्यात," तुळसा म्हणाली.

"ता दिसता गो माका," काशीबाई म्हणाली आणि दुसऱ्या बाजूची कडही तिनं आत घेतली.