खडूची खूण

"मावशी, आज परत कुंडी फिरवलीत."

"शप्पथ नाही हो मास्तर. त्या वेलाकडे मी बघतसुद्धा नाही." घरकामाच्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या.

मास्तरांनी गळलेल्या तीन कळ्या तळहातावर घेतल्या. काल दोन पडल्या होत्या. गुच्छात आता नऊच उरल्या. त्यांनी कुंडी पुन्हा होती तशी करून ठेवली.

मेणफुलांचा तो वेल त्यांच्या बायकोनं सात वर्षं खिडकीत जोपासला होता. सगळीकडून उजेड लागावा म्हणून ती रोज न चुकता कुंडी चतकोर फिरवायची, आणि वेल काही फुलायचं नाव घेत नव्हता. "फिरवू नका हो बाई, कळी धरायची नाही, धरली तरी गळेल," असं रोपवाटिकेतला माळी सांगून थकला. पण ती कुणाचं ऐकेल तर शपथ.

मग ती आजारी पडली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आठ महिने कुंडी जागची हलली नाही, आणि वेलानं पहिल्यांदा कळ्या धरल्या. त्याही खिडकीबाहेर तोंड करून. शेजारच्या खुर्चीतून तिला दिसायची ती पानंच. उमलल्यावर निदान वास तरी येईल, एवढ्यावर मास्तर दिवस काढत होते. उजव्या हाताची आशा डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात सोडली होती. मास्तरांनी सोडली नव्हती. रोज संध्याकाळी ते तो हात तेल लावून चोळायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतला जुना खडू शोधून काढला. कुंडीच्या काठाखाली, खुर्चीच्या बाजूनं जाड रेघ ओढली आणि कुणाला न सांगता औषधं आणायला गेले.

परत आले तेव्हा मावशी भांडी घासत होत्या. रेघ चतकोर सरकली होती, मधोमध पुसटही झाली होती. गुच्छ आता खुर्चीतून दिसत होता. आणखी दोन कळ्या खाली.

"मावशी, तुम्ही उद्यापासून..."

"काय झालं मास्तर?"

बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिच्यासमोर वाद नको.

"काही नाही. मग बोलू," ते म्हणाले. राग गिळून त्यांनी तेलाची वाटी आणली, स्टूल ओढलं आणि तिचा उजवा हात मांडीवर घेतला.

चारही बोटांच्या टोकांना खडू लागला होता.