बारावा टँकर

काशीगावच्या मैदानात सिनेमाची जगबुडी चालली होती. एकवीसशे सालची मुंबई थर्माकोलची, पाणी मात्र खरं: अकरा टँकर. बारावा प्रॉडक्शनवाल्या अभिनवनं रस्त्यातूनच वळवून आणला होता, कुणासाठी निघाला होता ते न विचारता. पण शॉट पहिल्याच फटक्यात ओके झाला आणि बारावा तसाच उभा राहिला. तेवढ्यात आईचा फोन आला. "आपल्या पूनम सागर सोसायटीला टँकरच नाही आला रे. डोक्याला शिकेकाई लावून बसलेय, डोळे चुरचुरतायत." "बघतो." "कुणावर ओरडू नकोस हं. आपल्याहून अडलेल्या कुणाकडे गेला असेल." अभिनव कान पाडून ड्रायव्हरकडे गेला. "भाई, ये पूनम सागर ले जा." "वहीं जा रहा था, साहब. मगर बाढ़ का रंग चाहिए बोलके इसमें गेरू तुमनेच डाला ना?" फोनवर अजून आई होतीच. "निघाला का रे?"