डावीकडचा डाग

"दिसतोय का डाग?" त्याने विचारलं आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राहिला. स्क्रीनकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

टेबलावर त्याचा जुना कॉम्प्युटर उघडा पडला होता. आतली धूळ बघून दुकानदाराने मघाशीच नाक मुरडलं होतं. आता तो चष्मा कपाळावर सरकवून, त्याला जोडलेल्या दुकानातल्या स्क्रीनवर वाकला. तिथे गाड्यांच्या शर्यतीचा खेळ चालू होता.

तो क्रेन चालवायचा. उंच केबिनमध्ये बसून खालच्या माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवायचं काम. तिथे डोळ्यांत जराशी खोट निघाली, की माणूस दुसऱ्या दिवसापासून घरी. शिवाय त्याच्या वडिलांची नजर याच वयात गेली होती. सुरुवात अशीच झाली होती, डावीकडच्या एका करड्या डागापासून. त्यामुळे खेळताना स्क्रीनच्या डाव्या बाजूला करडे चौकोन लुकलुकायला लागले, तेव्हा या धडधाकट माणसाची गाळण उडाली. शहाण्या माणसाने डोळ्यांचा डॉक्टर गाठला असता. याने स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला दोषी ठरवलं आणि ते खरंच खराब निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसला.

आता दुकानात शेजारीच उभ्या असलेल्या बायकोला त्याने घरी विचारलं होतं. "हो, आहे की डाग," ती लगेच म्हणाली होती. पण त्याचा चेहरा उतरलेला दिसला की ती कशालाही हो म्हणायची. मीठ कमी आहे का? हो. मी जाड झालोय का? हो, पण शोभतं. असल्या होकारावर कुणी विसंबून राहावं?

"दिसतोय ना," दुकानदार म्हणाला. "चांगले ठसठशीत चौकोन आहेत. कार्डाने राम म्हटलाय तुमच्या."

त्याला एकदम रडूच फुटलं. दुकानदार गडबडला. "अहो दादा, जुनं कार्ड ते. कधी ना कधी जाणारच. एवढं काय मनाला लावून घेता?"

"त्यांचं सगळंच असं," बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "फ्रिज गेला तेव्हाही दोन घास कमी जेवले होते."

मग तो सुटलाच. "सगळ्यात दांडगं कार्ड द्या," म्हणाला. दुकानदाराने काचेमागचा एक मोठा खोका दाखवला आणि परत जागेवर ठेवला. "हे तुमच्या डब्यात मावणार नाही. मावलं तरी तुमचा पॉवर सप्लाय त्याला पुरणार नाही. सायकलला ट्रकचं इंजिन लावून कुठे जाणार आहात?"

शेवटी दोन मधल्या कार्डांवर गोष्ट आली. एक वेगवान, पण वीज खाणारं आणि गरम होणारं. दुसरं जरा गरीब स्वभावाचं.

"पंखा कशाचा कमी ओरडतो?" बायकोने विचारलं. तिला दुसरं कार्ड पसंत पडलं. खोका घ्यायला ती पुढे झाली, तर डाव्या कोपराचा धक्का लागून स्क्रूंची वाटी खाली पडली. "अगं, लक्ष कुठाय?" तो हसत म्हणाला. तिघंही जमिनीवर बसून स्क्रू वेचू लागले. भीती गेली की माणसाला स्क्रू वेचण्यातही मजा वाटते.

नवं कार्ड बसलं. स्क्रीन लख्ख उजळली. रस्ता, झाडं, कठडे, सगळं कसं धुऊन काढल्यासारखं. त्याने एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून. एवढी साधी गोष्ट करायची त्याची इतके दिवस छाती झाली नव्हती. दोन्ही डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

"बस, तूच चालवून बघ," तो बायकोला म्हणाला. "आता हरलीस तर कार्डाचं नाव सांगायचं नाही."

शर्यतीत एके काळी ती त्याला धूळ चारायची. खेळायला बसली की तिचं अहो-जाहो गळून पडायचं आणि "हट रे, मर तिकडे!" सुरू व्हायचं. अलीकडे मात्र तिची गाडी सारखी भरकटायची. जुनं कार्ड अडखळतंय, अशी त्यानेच तिची समजूत काढली होती.

ती बसली. गाडी सुसाट निघाली आणि पहिल्याच वळणावर डावीकडच्या कठड्यावर आदळली.

"अहो, पण डाग आहेच की अजून," ती म्हणाली.

तो खो खो हसला. हरली की कारणं शोधायची, हे तिचं जुनंच होतं. दुकानदार मात्र गंभीरपणे पुढे झाला. नव्या कार्डात खोट म्हणजे त्याच्या दुकानाची अब्रू. "कुठे आहे, ताई?"

"हा काय." समोरच बघत तिने डावीकडे बोट दाखवलं. "पहिल्यापासून इथेच आहे. पूर्वी बारीक होता."

दुकानदाराने स्क्रीन निरखली. पुसून पुन्हा निरखली. मग तिच्या नकळत त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

त्याचं हसू केव्हाच थांबलं होतं. त्याने तळहात स्क्रीनवर ठेवला, बरोबर तिचं बोट होतं तिथे.

"आणि आता?"

"आता तुमच्या हातावर आहे," ती म्हणाली.